करंडीतला उतारू



परभणीहून विमान उडत नाही. पाथरी, जिंतूर, सेलू, गंगाखेड यांपैकी कोठल्याही गावच्या माणसाला विमान गाठावयाचे तर नांदेड, नाही तर छत्रपती संभाजीनगर, नाही तर थेट हैदराबादची वाट धरावी लागते. नांदेडची विमानसेवा आजवर अनेकदा खंडित झालेली आहे आणि संभाजीनगर परभणीपासून सुमारे २०० किलोमीटर. तेव्हा या जिल्ह्यातील एखाद्या कुटुंबाने आपले मांजर किंवा लहानसे कुत्रे विमानातून नेण्याचे मनात आणले, तर त्या मुक्या उतारूचा प्रवास घराच्या उंबरठ्यावरच सुरू होतो, आणि त्यातील कठीण भाग बहुधा जमिनीवरच असतो.

विषय थट्टेचा वाटेल. पण तो तसा नाही. मुले बंगळुरास किंवा दिल्लीस नोकरीला, आईवडील थकलेले, गावचे घर बंद करण्याचे ठरते. भांडीकुंडी वाटली जातात, तुळशीचे वृंदावन शेजारी नेतात, आणि मग प्रश्न उरतो तो दहा वर्षे चुलीशेजारी निजलेल्या मनीचा. तिला तेथेच सोडावयाचे की बरोबर न्यावयाचे? माझे मत विचाराल तर असे, की आठ दिवसांच्या पाहुणचारासाठी मांजराला हलवू नये. त्याचा जीव माणसांइतकाच जागेवरही असतो. ओळखीच्या शेजाऱ्याने दोन वेळा दूध-पोळी ठेवली तरी ते सुखाने राहते. परंतु बिऱ्हाडच कायमचे उठणार असेल, तर त्याला मागे टाकू नये. आणि विमानानेच न्यावयाचे झाले तर शक्य तोवर सामानाच्या पोटात न टाकता आपल्या पायांशी न्यावे.

ही सोय सर्वच कंपन्या देत नाहीत. एअर इंडियामध्ये ती पूर्वीपासून आहे. अकासा एअरने २०२२ च्या नोव्हेंबरपासून ती सुरू केली, तेव्हा प्राणी आणि पेटी मिळून ७ किलोंची मर्यादा होती. या मर्यादा पुढेमागे होत असतात, शिवाय एका विमानात मोजकेच प्राणी घेतात. म्हणून आधी कंपनीस विचारावे आणि मगच आपले तिकीट काढावे. साधारण मांजर ४-५ किलोंचे भरते, त्याला अडचण पडत नाही. आपल्याकडे ज्याला सरसकट पॉमेरेनियन म्हणतात ते खाऊन-पिऊन सुखी कुत्रे मात्र काट्यावर घालूनच पाहावे. पोपटाची गोष्ट निराळी. आपला कंठवाला पोपट पिंजऱ्यात ठेवणे हाच वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये गुन्हा आहे. त्याच्या विमानप्रवासाची चर्चाच नको.

प्रकृतीचा दाखला आणि रेबीजची लस टोचल्याची नोंद या दोन गोष्टी लागतात. येथे परभणीकरांचे नशीब थोर. गावात विमानतळ नसला तरी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेतले. दाखला अगदी अलीकडच्या तारखेचा लागतो. पशुवैद्यांची गाठ मात्र महिनाभर आधी घ्यावी. पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास मुळातच असतो. विमान उंच गेल्यावर आतील हवेचा दाब सुमारे ८,००० फूट, म्हणजे २,४०० मीटर उंचीवर असावा तितका उतरू शकतो. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे, यावरून अंदाज यावा. धडधाकट प्राण्याला हे सोसते. गुंगीचे औषध मात्र आपल्या बुद्धीने कधीही देऊ नये. त्याने रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान सांभाळण्याची शक्ती मंदावते, आणि शांत दिसणारा प्राणी वस्तुतः संकटात असतो.

आता त्या जमिनीवरच्या भागाकडे वळू. वैशाख-ज्येष्ठात परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून ते उष्णता बाहेर टाकते. बंद मोटारीत, उन्हात, चहाच्या टपरीपाशी दहा मिनिटे त्याला ठेवणे म्हणजे जीवाशी खेळ होय. म्हणून पहाटे निघावे, अथवा रात्रीचा प्रवास करावा. मुक्कामाची सोय असेल तर आदल्या दिवशीच विमानतळाच्या गावी पोहोचावे, हे सर्वांत उत्तम. निघण्यापूर्वी चार-पाच तास पोटभर खाऊ घालू नये. पाणी थोडथोडे द्यावे.

करंडी किंवा जाळीची पिशवी ऐन दिवशी आणून प्राण्याला तीत कोंबणे ही क्रूरताच. ती महिनाभर आधी ओसरीच्या कोपऱ्यात उघडी ठेवावी, आत त्याचे जुने फडके घालावे, घास तेथेच द्यावा. मग ती करंडी त्याला घरासारखी वाटू लागते. विमानात ती पुढच्या आसनाखाली जाते आणि प्रवासभर बंदच राहते. विमानतळावर तपासणीच्या वेळी मात्र प्राण्याला बाहेर काढावे लागते. पिशवी यंत्रातून जाते, प्राणी आपल्या हातात. घाबरलेले मांजर अशा वेळी कसे निसटते हे पाळणाऱ्यांना सांगावयास नको. त्याच्या अंगात पट्टा घरूनच चढवलेला असावा.

परदेशी मुलाकडे न्यावयाचे असेल तर हिशेब महिन्यांचा होतो. जर्मनीसारख्या युरोपीय संघाच्या देशात भारतातून जाणाऱ्या कुत्र्या-मांजराला कातडीखाली सूक्ष्म चकती बसवून मग लस टोचावी लागते; किमान ३० दिवसांनी रक्त मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावे लागते, आणि निकाल चांगला आला तरी रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबावे लागते. ब्रिटनमध्ये तर मदतनीस श्वान वगळता विमानाने येणाऱ्या प्राण्याला पायांशी जागाच नाही. त्याने मालवाहतूक म्हणूनच यावयाचे.

नव्या घरी पोहोचल्यावर मांजराला एकदम सारे घर दाखवू नये. एकच खोली, दार बंद, करंडी उघडी, आणि आतले ते जुने फडके न धुता तसेच. ते आपल्या इच्छेने बाहेर येईपर्यंत, दोन दिवस लागोत की चार, कोणी त्याला हाका मारू नयेत.