हात काय सांगतो?



कंपवात म्हणजे हात थरथरणे, एवढेच आपल्याला ठाऊक असते. इंग्लंडमधील डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली वर्णिलेल्या या रोगात मेंदूतील डोपामिन कमी होते. थरथर प्रत्येकाला नसते. हालचाल मात्र मंदावतेच.

घरातील वडीलधाऱ्यांना अंगठा व तर्जनी पूर्ण फाकवून भरभर १० वेळा टेकवायला सांगा. आधी एक हात, मग दुसरा. फाक लहान होत गेली, बोटे अडखळली, विशेषतः एकाच हाताची, किंवा अक्षर बारीक होत चालले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नका. हे निदान नव्हे, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. रोग समूळ जात नाही, पण औषधे व व्यायाम यांनी हातचे काम पुष्कळ वर्षे टिकवता येते.