एसीसीचा भाव आणि सिमेंटचं पोतं



१९९२च्या सुरुवातीला मुंबई शेअर बाजारात एसीसी या सिमेंट कंपनीचा शेअर ९,००० रुपयांच्या आसपास पोचला होता. काहीशे रुपयांना मिळणारा हा शेअर इतका वर जावा, याचं शेअर दलाल हर्षद मेहता यांनी दिलेलं समर्थन असं होतं : असे कारखाने आज नव्यानं उभारायचे तर जो खर्च येईल, तेच जुन्या कंपनीचं खरं मोल.

हे अगदीच निराधार नव्हतं. ताळेबंदात जुनी यंत्रं आणि जमिनी खरेदीच्याच किमतीला दिसतात, यंत्रांतून तर घसाराही वजा होतो. पण कारखान्याचं मोल ठरतं ते सिमेंटच्या पोत्यामागे काय उरतं त्यावर. सिमेंटच्या भावातून नव्या कारखान्याच्या कर्जाचं व्याजही सुटणार नसेल, तर तसा कारखाना कोण उभारील? मग त्याच्या खर्चाचा हवाला जुन्याला कसा लागू पडावा? पुढे २३ एप्रिलला पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी आली आणि या तेजीत बँकांचा पैसा खेळत होता हे उघड झालं.

म्हणून माझा आग्रह आहे, आधी भावाला प्रति शेअर नफ्यानं भागा. हाच पी-ई. तो ५० आला, तर तुम्ही गुंतवलेल्या १०० रुपयांमागे कंपनी वर्षाला २ रुपये कमावते. त्या काळी बँकेच्या मुदत ठेवीवर १० टक्क्यांहून जास्त व्याज मिळे. नफा किती वर्षं, किती वेगानं वाढला तर हा भाव परवडेल, याचं उत्तर कागदावर मांडता आलं पाहिजे.

पी-ई ५-६ दिसला की शेअर स्वस्त, असंही समजू नका. सिमेंट, साखर, पोलाद या धंद्यांत तेजी टोकाला असते तेव्हाच नफा भरघोस असतो आणि पी-ई सर्वांत कमी दिसतो. त्याच तेजीत ठरवलेले नवे कारखाने पुढे सुरू होतात, माल वाढतो, भाव घसरतात. अशा ठिकाणी एका वर्षाच्या नफ्यावर विसंबू नये, ८-१० वर्षांची सरासरी काढावी. दोन कंपन्यांची तुलना करताना कर्ज विसरू नका. शेअरच्या भावात ते दिसत नाही. सगळ्या शेअरांच्या एकूण किमतीत ते मिळवा आणि मगच कोणती कंपनी महाग पडते ते बघा.