नोटीस, पोचपावती आणि तीन वर्षे

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत मी मजुरीच्या दराने बांधकामे घेतो. सिमेंट, सळई मालकाची. गवंडी, बिगारी आमचे. एका बंगल्याचे ८५ हजार रुपये राहिले होते. मालक म्हणायचे, "उसाचं बिल आलं की देतो." बिले आली आणि गेली. बिगाऱ्यांची मजुरी मात्र बाजाराच्या दिवशी चुकती करावीच लागते. त्यापायी घरातली एक पाटली मोडली.

शेवटी वकीलसाहेबांकडे गेलो. विचारले, "सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा चढतो, तसा बंगल्यावर चढवता येईल का?" ते हसले. अमेरिकेत तशी सोय आहे म्हणाले. मेरीलँड राज्याने १७९१ साली तसा कायदा केला. आपल्याकडे १८७२च्या करार कायद्याप्रमाणे शिंपी मजुरी मिळेपर्यंत शिवलेला सदरा अडकवून ठेवू शकतो. गवंड्याला घर अडकवता येत नाही. शिंपी झालो असतो तर बरे, असे मनात आले.

मग त्यांनी विचारले, "काम कधी संपलं?" म्हटले, "दोन वर्षं दहा महिने झाले." त्यांचा चेहराच बदलला. १९६३च्या मुदत कायद्याप्रमाणे काम झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि नोटीस दिल्याने ती मुदत वाढत नाही. मला वाटे, एकदा नोटीस गेली की आपण सुटलो! मुदतीच्या आत मालकाने बाकी मान्य करून लेखी सही दिली, तरच तिथून नवी तीन वर्षे. तोंडी "देतो" तिथे चालत नाही.

त्याच दिवशी नोटीस लिहिली. कामाची मापे, मिळालेली रक्कम, बाकी, आणि पंधरा दिवसांची मुदत. मापे माझ्या डायरीत होती म्हणून बरे. रजिस्टर एडीने पाठवली. (२०२५पासून रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, आता पोचपावती तिथे मागायची.) पत्ता बरोबर असेल, तर टपाल नाकारले तरी ते पोचले असे कोर्ट धरू शकते. काम सरकारी असेल, तर दाव्याआधी दोन महिन्यांची नोटीस लागते.

अकराव्या दिवशी मालक दारात. "मुकादम, घरच्या माणसाला नोटीस?" चहाही घेतला नाही. ४० हजार मोजले, उरलेल्यांवर डायरीत सही केली. डायरी पुढे करताना हात माझाच थरथरत होता. बाकीचे पैसे पुढच्या हंगामात मिळाले. त्यांच्या मुलाच्या लग्नाचे बोलावणे मात्र आले नाही.