फोटॉनला आडनाव नसतं
(अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला बोलावणाऱ्यांनी सांगितलं, पोरांना दोन शब्द प्रोत्साहनाचे सांगा. ते मला जमत नाही. मी फिजिक्स शिकलो, फिजिक्स शिकवतो, तेवढंच बोलतो.

तुमच्यातले कित्येकजण बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला क्वांटमपाशी येऊन थांबता. मीही थांबलो होतो. एमएस्सीच्या पहिल्याच आठवड्यात एका सरांनी हजेरी घेताना माझं आडनाव वाचलं, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "थिअरी घेताय? बघा हं, जड जातं." शेजारच्या पोराला माझ्याहून कमी मार्क, पण त्याला कोणी जड-हलकं विचारलं नाही. दोन दिवस मी वर्गात गेलो नाही. चाळीच्या गॅलरीत बसून राहिलो. बाप गिरणीत, आई बिगारी, आपल्याला ही असली थेरं सांगितलीत कोणी? तिसऱ्या दिवशी लायब्ररीत मेघनाद साहा सापडला. आज त्याच्याबद्दल बोलणार आहे.

साहा १८९३ सालचा, ढाक्याजवळच्या खेड्यातला. बाप किराणा दुकानदार. जात अशी की वरचे पाणी घेणार नाहीत. पुढची शाळा गावात नाही, म्हणून दुसऱ्या गावी एका डॉक्टरकडे राहिला. अट एवढीच, स्वतःची भांडी घासायची आणि गाय सांभाळायची. १९०५ साली शाळेत गव्हर्नर आला, ह्यानं बहिष्कारात भाग घेतला, तर स्कॉलरशिप गेली आणि शाळाही गेली. १९११ ला कलकत्त्याला कॉलेजात आला, तर हॉस्टेलमधल्या उच्चवर्णीय पोरांना ह्याच्यासोबत एका पंगतीत जेवायचं नव्हतं. ही पोरं सायन्सवाली होती बरं का! न्यूटन पाठ असून जात गेलेली नव्हती. सायन्स शिकलं की जात आपोआप जाते, असं तुम्हाला कोणी सांगत असेल तर त्याला हे सांगा.

आता खरी गोष्ट. १९१६ साली कलकत्त्याच्या नव्या सायन्स कॉलेजात साहा आणि त्याचा वर्गमित्र सत्येंद्रनाथ बोस लेक्चरर झाले. शिकवायचं काय, तर नवं फिजिक्स. जे दोघांनाही कोणी शिकवलेलं नव्हतं! महायुद्ध चालू, जर्मनीहून मासिकं बंद. शिबपूरच्या इंजिनियरिंग कॉलेजात ब्रूल नावाचे एक युरोपियन प्राध्यापक होते, त्यांच्याकडे प्लँक, बोल्ट्झमन यांची जर्मन पुस्तकं होती. ती उसनी आणायची, वाचायची, दुसऱ्या दिवशी तेच वर्गात फळ्यावर. साहाला थोडं जर्मन येत होतं. पुढं ह्या दोघांनी आईनस्टाईनच्या सापेक्षतेवरच्या लेखांचा इंग्रजी अनुवाद केला, १९२० साली कलकत्ता विद्यापीठानं तो छापला. म्हणजे उसनी पुस्तकं, परकी भाषा आणि डोक्यावर मास्तर नाही. आपली स्थिती ह्याहून वाईट आहे का? विचारून बघा स्वतःला.

त्याच १९२० साली साहाचं समीकरण आलं. अणूला तापवत गेलं की त्याचा इलेक्ट्रॉन सुटतो. किती अणूंचा सुटेल? ते तीन गोष्टींवर ठरतं: तापमान, दाब, आणि तो इलेक्ट्रॉन उपटायला लागणारी ऊर्जा. ही ऊर्जा क्वांटमचा हिशेब. सूर्याच्या वरच्या, विरळ थरात इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या रेषा दिसतात, हे कोडं होतं. साहा म्हणाला, तिथं दाब कमी. सुटलेला इलेक्ट्रॉन परत अणूला भेटतच नाही. सुटलं कोडं. १९२५ साली सिसिलिया पेन हिनं हेच समीकरण वापरून दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. ज्याला पंगतीत घेतलं नाही, त्यानं ताऱ्यांचा थर्मामीटर केला.

साहाला १९१९ ला प्रेमचंद रायचंद स्कॉलरशिप मिळाली होती. तोच प्रेमचंद, आपल्या राजाबाई टॉवरवाला. १९२० ला साहा लंडनला गेला. त्याच वर्षी बाबासाहेबही अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले होते.

बोस ढाक्याला गेला. १९२४ साली वर्गात प्लँकचा नियम सिद्ध करताना त्याला ती सिद्धता खटकत होती. त्यानं मोजायची रीतच बदलली. साधं उदाहरण घ्या. दोन डबे, दोन खडे, एकाचं नाव गणपत, दुसऱ्याचं किसन. किती प्रकारे ठेवाल? चार. आता नावं पुसा. खडे इतके सारखे की कुठला कुठला हे निसर्गालाच ठाऊक नाही. मग प्रकार राहतात तीन: दोन्ही डावीकडं, दोन्ही उजवीकडं, एकेक. दोघं एकाच डब्यात असण्याची शक्यता आधी निम्मी होती, ती आता दोन तृतीयांश झाली. नुसती मोजणी बदलली आणि प्लँकचा नियम हातात आला. फोटॉनला आडनाव नसतं, एवढाच अर्थ. पण त्यावरून कुणी क्वांटममध्ये समता शोधायला जाऊ नये. जात फोटॉननं केली नाही, तो ती मोडणारही नाही. ते काम आपलं आहे.

तसलंच दुसरं एक खूळ. क्वांटम उपनिषदात आहे, हे अजून ऐकावं लागतं. साहालाही ढाक्याच्या एका वकिलानं ऐकवलं होतं, तुमचा शोध वेदात आधीच आहे. साहानं काय केलं? बरीच वर्षं घालून वेद वाचले, आणि तिथं असलं काही नाही म्हणून लिहून टाकलं. भडकला नाही, वाचून उत्तर दिलं. हा माणूस मला आवडतो.

आता कामाचं. क्वांटम जड आहे, सर खोटं बोलले नव्हते. पण ते सगळ्यांना जड आहे. इलेक्ट्रॉन कसा वागतो हे कुणाच्याच आजोबानं वाड्यात बसून सांगितलेलं नाही. इंग्रजी आणि ट्यूशन मात्र त्यांना घरून मिळतं, हे नाकारून चालणार नाही. म्हणून आधी गणित: कॉम्प्लेक्स संख्या, मॅट्रिक्स, दुसऱ्या ऑर्डरची डिफरन्शियल समीकरणं. हे कच्चं असलं की श्रोडिंगर समीकरण मंत्रासारखं पाठ होतं, आणि मंत्र पाठ करायला आपण इथं आलेलो नाही. फाईनमनची लेक्चर्स आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात, एनपीटीईएलचे तासही फुकट. पण नुसतं बघून काही होत नाही, पेन चालवावं लागतं. आणि दोघादोघांनी बसा. एकट्याला लाज खाते, जोडीदार असला की "मला नाय समजलं" हे मोठ्यानं म्हणता येतं.

मी त्या सरांच्या तासाला चौथ्या दिवशी गेलो. पहिल्या बाकावर बसलो. त्यांनी फळ्यावर डब्यातल्या कणाचं उदाहरण घेतलं होतं, त्यात वर्गमूळ चुकलं होतं. मी हात वर केला.

तेच गणित येत्या रविवारी इथं सोडवू. लांबी एल, दोन्ही टोकाला भिंत. वही आणा, मोबाईल बंद ठेवा.