रक्त : विक्रीचे नव्हे, दानाचे
(रक्तदाता मेळाव्यात केलेले भाषण)



'रक्तदान' हा शब्द आज घराघरांत रुळला आहे. परंतु एकाचे रक्त दुसऱ्याच्या शरीरात सुखरूप पोहोचविण्यासाठी वैद्यकशास्त्राला जवळजवळ तीन शतके झगडावे लागले.

विल्यम हार्वे यांनी १६२८ साली रक्ताभिसरणाचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. १६६७ मध्ये पॅरिस येथे झाँ-बाप्तिस्त दनी यांनी कोकराचे रक्त एका मुलाला दिले, तो बचावला. पुढे दुसरा रुग्ण दगावला, प्रकरण न्यायालयात गेले आणि सुमारे दीडशे वर्षे हा मार्गच खुंटला.

१८१८ मध्ये लंडनच्या जेम्स ब्लंडेल यांनी माणसाला माणसाचेच रक्त दिले. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने स्त्रिया प्राण सोडतात, हे त्यांना पाहवत नव्हते. तरीही कोणी वाचे, कोणी दगावे. कारण कळेना. ते कोडे १९०१ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधून उलगडले. १९१४ मध्ये सोडियम सायट्रेटचा उपयोग कळला, रक्त न गोठता ठेवता येऊ लागले आणि रक्तपेढीची वाट मोकळी झाली.

या इतिहासात मुंबईचेही एक पान आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे एक विरळ रक्तगट शोधला. जग त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखते. नेहमीच्या चाचणीत तो 'ओ' भासतो. मात्र या गटाच्या रुग्णाला 'ओ' रक्तही चालत नाही. त्याच गटाचा दाता लागतो. तेथे धनाढ्यालाही अनोळखी माणसाच्या औदार्याचाच आधार!

मग अशा रक्ताचा बाजार मांडावा काय? आपल्याकडे तो होता. नड असलेला माणूस पैशासाठी आजार लपवी, पुन्हा पुन्हा रक्त विकी. धोका त्यालाही आणि रुग्णालाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. पण बंदीने पिशवी भरत नाही. ती आपण भरायची आहे.

एक विनंती करून थांबतो. तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट्स अवघे पाच दिवस. म्हणून उत्सवाच्या एका दिवशी लागलेल्या रांगेपेक्षा वर्षभराचा नेम मोलाचा. निरोगी पुरुषाला तीन महिन्यांनी, स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते. घरी गेल्यावर दिनदर्शिकेवर आपली पुढची तारीख लिहून ठेवा.