मिनेसोटा विद्यापीठाची बर्फावरची हॉकी



हॉकी म्हटले की आपल्यापुढे ध्यानचंद उभे राहतात. मी आज सांगणार आहे ती हॉकी बर्फावरची. पायांत पोलादी पात्यांचे बूट, चेंडूऐवजी रबराची चकती आणि गोलरक्षक धरून एका बाजूला सहा गडी. अमेरिकेच्या उत्तर सीमेवरील मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तळी गोठतात, आणि पोरेसोरे तिथेच हा खेळ शिकतात.

1952 मध्ये तेथील विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षकपद जॉन मारियुची यांच्याकडे आले. लोखंडाच्या खाणी असलेल्या एव्हलेथ गावचा, इटालियन स्थलांतरितांच्या घरातला हा माणूस. त्या काळी इतर महाविद्यालये कॅनडातून वयाने मोठे, कसलेले खेळाडू आणून संघ उभारीत. शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलाला अशा गड्यांपुढे उभे करणे मारियुचींना अन्यायाचे वाटे. आपला संघ आपल्याच राज्यातील मुलांचा हवा, हा त्यांचा हट्ट. 1958 साली या वादापायी त्यांची साखळी स्पर्धाच मोडली! दुसरीकडे ते गावोगावी बर्फाची क्रीडागृहे व्हावीत म्हणून लोकांच्या मागे लागत.

पण यश? 1953 आणि 1954 अशी लागोपाठ दोन वर्षे अंतिम सामन्यात हार. 1966 मध्ये त्यांनी पद सोडले तेव्हा एकही राष्ट्रीय अजिंक्यपद पदरी नव्हते. पालकहो, येथे क्षणभर थांबा. मुलगा एका वर्षी नापास झाला की त्याला शाळेतून काढून दुकानावर बसवणारे आपल्यात थोडे नाहीत.

मारियुचींच्या हाताखाली खेळलेला हर्ब ब्रुक्स 1972 मध्ये प्रशिक्षक झाला. 1960 च्या ऑलिंपिक संघातून अगदी शेवटच्या घटकेला वगळलेला हा खेळाडू; आणि त्या संघाने तर सुवर्णपदक जिंकले! ब्रुक्सच्या हाती आलेला विद्यापीठाचा संघ साखळीत तळाला होता. त्याच संघाने 1974 मध्ये पहिले अजिंक्यपद मिळवले, पुढे 1976 आणि 1979 मध्येही. 1980 च्या ऑलिंपिकमध्ये बलाढ्य सोव्हिएत संघाला 4-3 असे हरवून सुवर्णपदक मिळवणाऱ्या अमेरिकन संघाचे प्रशिक्षक ब्रुक्सच होते. त्या 20 खेळाडूंपैकी 9 या विद्यापीठाचे! 1985 मध्ये विद्यापीठाच्या क्रीडागृहाला मारियुचींचे नाव देण्यात आले. दोनच वर्षांनी ते वारले.

मात्र या हट्टालाही मर्यादा होती, असे माझे मत आहे. 1979 नंतर 22 वर्षे अजिंक्यपद आले नाही. नवे प्रशिक्षक डॉन लुशिया यांनी शेजारच्या नॉर्थ डाकोटा राज्यातून ग्रँट पोटुल्नी या मुलाला घेतले. बाहेरच्या राज्यातला खेळाडू कित्येक वर्षांत आला नव्हता. 2002 च्या अंतिम सामन्यात मेन विद्यापीठाशी बरोबरी होऊन जादा वेळ द्यावा लागला. विजयाचा गोल याच परक्या मुलाने केला. 2003 मध्ये पाचवे अजिंक्यपदही आले. त्या दोन्ही संघांतील बहुतेक खेळाडू मात्र मिनेसोटाचेच होते.