तीन बोटं आत जातात का?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आधी एक काम करा. हाताची मधली तीन बोटं जुळवा, उभी धरा आणि वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का पाहा. बाई, तुम्हीसुद्धा! ज्यांची अडकली, त्यांनी जेवणाआधी मला बाजूला गाठावं.

मी दातांचा डॉक्टर. आपल्याच वर्गातला एक मित्र माझ्याकडे आला होता. त्याच्या परवानगीनं सांगतोय, नाव तेवढं सांगत नाही. मधल्या सुट्टीत गोरसपाक तोंडात कोंबणारा हा गडी. आता एकच बोट कसंबसं आत जात होतं. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. कारण खर्रा.

आपला जिल्हा दारूबंदीचा. राज्यात 2012 पासून गुटख्यावरही बंदी आहे. पण पानठेल्यावर खर्रा घोटणं काही थांबलं नाही. "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो," असं सांगणारेही भेटतात. खरा घात सुपारीच करते. तिच्यामुळे गालाच्या आतलं मऊ अस्तर दोरखंडासारखं ताठ होतं. याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पुढे यातून कॅन्सर होऊ शकतो.

खर्रा सोडणं हा पहिला उपचार. पण आखडलेलं तोंड तेवढ्यानं मोकळं होत नाही. औषधांबरोबर रोज जबड्याचा व्यायाम लागतो. आइस्क्रीमच्या काड्यांची चळत दातांत धरायची, सवय झाली की एक काडी वाढवायची. सोपं वाटतं, पण दुखतं आणि कंटाळाही येतो. मित्रानं पंधरा दिवसांत सोडून दिलं. म्हणाला, "अबे, भिंतीकडं पाहत किती वेळ आ करू?"

तेव्हा मला अमेरिकेतल्या सिएटलचा एक प्रयोग आठवला. तिथं भाजलेल्या रुग्णांची मलमपट्टी करताना त्यांना व्हर्च्युअल रिॲलिटीच्या चष्म्यातून बर्फाच्या दरीत नेतात. रुग्ण बर्फाचे गोळे फेकण्यात रमतो, मन तिकडं गुंतलं की दुखणं कमी जाणवतं. आता जबड्याच्या व्यायामासाठीही असे प्रयोग होताहेत. हनुवटी जेवढी खाली जाईल तेवढा फुगा वर चढावा, असा खेळही त्यात बसवता येतो.

आमच्याकडं तसा खेळ नव्हता. माझ्या मुलाचा चष्मा मित्राच्या डोळ्यांवर चढवला, त्यात नदीकाठचं दृश्य लावलं आणि दातांत काड्या दिल्या. दहा मिनिटं झाली तरी गडी काढायला तयार नाही!

चष्म्यानं रोग बरा होत नाही. खर्रा त्यानं स्वतः सोडला, काड्याही त्यानंच रोज धरल्या. चष्म्यानं फक्त तो वेळ सुसह्य केला. चष्मा नसेल तर गाणी लावा, नातवाला समोर बसवून मोजायला सांगा, पण व्यायाम सोडू नका.

तो आज इथंच बसलाय. मघाशी त्यानंही बोटं घालून पाहिली. दोन गेली. तिसरीसाठी पुढच्या मेळाव्याची मुदत दिली आहे.